बिशपची जागा

"बाई, तिथे उभ्या राहू नका. आमच्या बिशपची जागा आहे ती. येईलच तो एवढ्यात."

हिल्डा प्लॅटने मागे वळून पाहिलं. लालबुंद चेहऱ्याचा एक धिप्पाड माणूस बस कंडक्टरच्या गणवेशातच फुटबॉलच्या मॅचला आला होता आणि हातातल्या चिप्सच्या पुडीने तिला बाजूला व्हायची खूण करत होता. त्याच्या शेजारी वरच्या पायरीवर एक किडकिडीत म्हातारा मफलर गुंडाळून उभा होता.

"मी कुठल्या बिशपला ओळखत नाही," हिल्डा म्हणाली. "मला सिरिल प्लॅटची जागा हवी होती. दारावरच्या माणसाने सांगितलं, घड्याळाखालचा कठडा."

"मग तेच की! सिरिल म्हणजेच बिशप. तुम्ही कोण त्याच्या? बहीण का?"

"बायको."

कंडक्टर खदखदून हसला. "अर्नी, ऐकलंस का? बिशपने उन्हाळ्यात लग्न उरकलं! लबाड म्हातारा! आम्हाला साधी बिअरसुद्धा पाजली नाही. कधी केलंत हो लग्न?"

"युद्धाच्या आधी," हिल्डा म्हणाली. "आणि तो यायचा नाही. जूनमध्ये वारला."

खाली मैदानात ब्रॅकेन्शॉचे खेळाडू मरून रंगाच्या शर्टांत धावत आले आणि चहूकडून आरोळी उठली. कंडक्टरचं तोंड उघडंच राहिलं. मफलरवाल्या म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढली. आता कुणी कुणाचं सांत्वन करायचं, हेच हिल्डाला कळेना.

खरं तर ती आली होती ती ही जागा एकदा डोळ्यांखालून घालायला. ऑगस्टमध्ये टपालाने सिरिलच्या नावाचं वर्षभराचं तिकीट आलं. मे महिन्यात, संघ तिसऱ्या विभागातून चौथ्या विभागात घसरला त्याच आठवड्यात त्याने पैसे भरून ठेवले होते. हिल्डाची बहीण विनी म्हणाली, "देऊन टाक कुणालातरी." हिल्डालाही ते पटलं होतं. पण त्या आधी, हा माणूस एवढी वर्षं दर शनिवारी दुपारी जेवण आटोपून जात होता ती जागा आहे तरी कशी, हे बघावंसं तिला वाटलं.

मॅच सुरू झाली तरी कंडक्टरचं, क्लिफचं, खेळाकडे लक्ष नव्हतं. "माफ करा हं बाई. आम्हाला काहीच कळलं नाही. उन्हाळ्यात मॅच नसतात, कुणाची गाठ पडत नाही ना. पण त्याला बायको आहे हे…" तो अडखळला.

"तो म्हणाला होता का, बायको नाही म्हणून?"

"छे छे! तसं नाही म्हणाला कधी. आम्हीच आपलं धरून चाललो होतो."

"बिशप का म्हणायचे त्याला?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग क्लिफने घसा खाकरला, दोन्ही हात कठड्यावर टेकले आणि चर्चमधल्या प्रवचनाच्या सुरात ओरडला, "रेफरीऽ, माझ्या लेकराऽ! देवाने तुला दोन डोळे दिले, आणि तू ते घरी कपबशीत ठेवून आलास!"

आजूबाजूची माणसं हसली. कुणीतरी मागून म्हणालं, "आमेन!"

"हे सिरिल म्हणायचा?" हिल्डाने विचारलं.

"हे तर काहीच नाही. बिशप प्रवचनाला उभा राहिला की अख्खी बाजू गप्प व्हायची. एकदा एक लाइन्समन इतका हसला की त्याच्या हातातला झेंडा पडला. आणि गाणी! सगळी गाणी तोच काढायचा."

हिल्डालाही हसू आलं. हसता हसता तिच्या मनात आलं, आपण एका अनोळखी माणसाच्या विनोदाला हसतो आहोत.

तिच्या घरातला सिरिल कापड रंगवण्याच्या गिरणीतून यायचा, हात घासून धुवायचा आणि जेवायचा. "मीठ दे," "पाऊस येईलसं दिसतंय," "दार लावलंस का?" एवढ्यात त्याचा दिवस संपायचा. आधी तो असा नव्हता. त्यांची लेक मार्गारेट घटसर्पाने गेली, शाळेत जाऊ लागली होती तेव्हा. त्यानंतर घरातलं बोलणं हळूहळू आटत गेलं. कुणी ठरवून केलं नाही. त्याच सुमारास तो शनिवारी मॅचला जाऊ लागला. बरं झालं, तेवढाच बाहेर पडतो, असं तिला वाटलं होतं.

"दुसरी बाई असती तर बरं झालं असतं गं," त्या रविवारी ती विनीला म्हणाली. "जाऊन तिच्या झिंज्या तरी उपटल्या असत्या. हे काय? दोन हजार माणसांना हसवायचं आणि घरी येऊन मीठ मागायचं!"

"आता मेलेल्या माणसाशी भांडणार आहेस का?"

"भांडायला कळायला तर हवं, भांडायचं कुणाशी!"

पुढच्या घरच्या मॅचला ती परत गेली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. तिच्यासाठी कठड्यापाशी जागा मोकळी ठेवली होती. मग जातच राहिली.

खेळ काही तिला उमगेना. माणसं का ओरडतात, कधी खूश होतात, काही ताळतंत्र लागेना. एकदा समोरच्या जाळ्यात चेंडू गेला तेव्हा तिने मोठ्या उत्साहाने टाळ्या वाजवल्या. सगळीकडे शुकशुकाट.

"बाई!" क्लिफ कळवळून म्हणाला. "तो त्यांचा गोल!"

"पण मघाशी आपण त्याच बाजूला मारत होतो ना?"

"मध्यंतरानंतर बाजू बदलतात हो."

"का?"

क्लिफने अर्नीकडे पाहिलं. अर्नी म्हणाला, "हे मात्र मला कुणी कधी विचारलंच नव्हतं." ऑफसाइडचा नियम समजावून द्यायला त्याने थर्मासचं झाकण, दोन पेपरमिंट आणि स्वतःची टोपी कठड्यावर मांडली. हिल्डाने सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि शेवटी विचारलं, "म्हणजे पुढे गेलं तर चूक, आणि मागे राहिलं तर गोल होत नाही?"

"अगदी बरोबर," अर्नी म्हणाला. "चाळीस वर्षं आम्ही याच दुःखात आहोत."

संघ मात्र जिंकत सुटला होता. मागच्या वर्षी ज्यांना कोपऱ्यावरच्या वाण्यानेही शिव्या घातल्या, तीच पोरं आता दर शनिवारी गोल करत होती. नऊ नंबरचा ताडमाड पोरगा उडी मारली की निम्मा जमिनीवरच राहिल्यासारखा दिसायचा. पायऱ्यांवरची गर्दी वाढली. नाताळापर्यंत ब्रॅकेन्शॉ पहिल्या चारांत होतं, आणि चारांत राहिलं तर परत वर, तिसऱ्या विभागात. जो तो म्हणायचा, "बिशप हवा होता हे बघायला." हिल्डा मान डोलवायची. पण तिच्या मनात यायचं, ज्या वर्षी तो नाही त्याच वर्षी हे सगळं व्हावं? आणि तो असता, तर मी इथे असते का? आनंद करावा तर कुणाच्या वाटणीचा, ते तिला ठरवता यायचं नाही.

फेब्रुवारीत मैदान गोठलं, दोन मॅच पुढे ढकलल्या गेल्या. तिसऱ्या शनिवारी क्लिफ कामावर होता. कडाक्याच्या थंडीत हिल्डा आणि अर्नी दोघंच कठड्याला टेकून चहा पीत होते. तिने एकदाचं विचारून टाकलं.

"खाली गेलो त्या शेवटच्या मॅचला सिरिल काय म्हणाला होता? घरी आला, कांद्यातली कलेजी खाल्ली आणि म्हणाला, 'खाली गेलो.' मला वाटलं जिन्यावरून पडला. विचारलं, कुठे लागलं? तर म्हणे, 'चौथ्या विभागात.' आणि झोपायला गेला."

"त्या दिवशी बिशप बोललाच नाही, मिसेस प्लॅट. एक अक्षर नाही. लोक वळून वळून बघत होते, आता सुरू करेल, मग सुरू करेल. मॅच संपल्यावर त्याने माझ्याशी हात मिळवला. क्लिफशीही. तसं कधी करायचा नाही तो."

"म्हणजे त्याला माहीत होतं? छातीच्या दुखण्याचं?"

"कोण जाणे."

"मग तिकिटाचे पैसे का भरले त्याने? माहीत असताना कुणी पुढच्या वर्षाचं तिकीट काढतं का?"

"तेही मला कळत नाही."

"मला नाही सांगितलं, तुम्हाला नाही सांगितलं." तिने कप कठड्यावर ठेवला. "अर्नी, खरं सांगा. इतक्या वर्षांत त्याने माझं नाव एकदाही नाही काढलं? मुलीचं?"

"मुलगी होती?" अर्नीने चमकून विचारलं.

हिल्डाने तोंड मैदानाकडे वळवलं. त्याला काय ते समजलं.

"मिसेस प्लॅट," तो सावकाश म्हणाला, "इथे घरचं कुणी आणत नाही. ठरलेलं नाही काही, पण नाही आणत. क्लिफशेजारी मी इतकी वर्षं उभा आहे. त्याला मुलं आहेत की नाहीत, मला ठाऊक नाही. त्याच्या गुडघ्याचं ठाऊक आहे, कारण तो कॉर्नरला उडी मारताना ओरडतो."

यात दिलासा आहे की आणखी एक अपमान, हिल्डाला कळेना. त्या दिवशी ती मॅच अर्धी टाकून घरी आली. सिरिलचा कोट खुंटीवरून काढला, कुणाला तरी द्यावा म्हणून घडी घातली आणि परत खुंटीला अडकवला. पुढच्या शनिवारी दोन वाजता ती बूट घालत होती.

एप्रिलच्या अखेरीस शेवटची मॅच आली. बरोबरी झाली तरी पुरे होतं. गर्दी एवढी की हिल्डाचे पाय जमिनीला लागतात की नाही कळेना. मध्यंतराला पाहुणे एका गोलने पुढे होते. क्लिफ कठड्यावर डोकं टेकवून पुटपुटत होता, "नको रे देवा, परत नको."

उत्तरार्धात खूप उशिरा एक कॉर्नर मिळाला. ताडमाड पोरगा उडाला. चेंडू त्याच्या डोक्याला लागला की खांद्याला, हिल्डाला दिसलं नाही. तो कुठल्या जाळ्यात गेला तेही क्षणभर कळलं नाही. पण तिच्याभोवतीचं जग एकदम वर उचललं गेलं, आणि क्लिफने तिला मिठी मारून गरागरा फिरवलं.

"आपला, बाई! आपला!"

शिटी वाजली तशी माणसं कुंपणं ओलांडून मैदानात उतरली. क्लिफ गुडघ्याचं दुखणं विसरून सगळ्यांच्या पुढे धावत होता. पायऱ्या रिकाम्या झाल्या. हिल्डा आणि अर्नी तेवढे मागे राहिले. अर्नी पायरीवरच बसला होता, टोपी मांडीवर घेऊन. तो रडत होता. आनंदाने असेल, असं वाटून ती शेजारी बसली.

"ॲग्नेस," तो म्हणाला. "माझी बायको. टेकडीवरच्या इस्पितळात आहे, दोन वर्षं झाली. मला ओळखत नाही आता. सकाळी जातो तर विचारते, 'तुम्ही डॉक्टर का?' लग्नानंतर पहिल्यांदा मला या पायऱ्यांवर तीच घेऊन आली होती, मिसेस प्लॅट. तिचं वेड होतं हे. आता जाऊन कुणाला सांगू, आपण वर गेलो म्हणून?"

खाली लोक त्या पोराला खांद्यावर घेऊन नाचत होते. हिल्डाच्या तोंडाशी खूप काही आलं. मार्गारेटचा शेवटचा आठवडा आला. जेवणाच्या टेबलापलीकडचा सिरिलचा चेहरा आला. सांगावं, सगळं सांगून टाकावं, या माणसाला कळेल, असं वाटलं. पण अर्नी अजून हुंदके देत होता. घरी जाईपर्यंत त्याला अजून दोन बस बदलायच्या होत्या.

तिने थर्मासमधला उरलेला चहा झाकणात ओतला आणि त्याच्या हातात दिला.

"अर्नी," ती म्हणाली, "पुढच्या वर्षी आपल्याला कुणाकुणाशी खेळायचंय?"

अर्नीने तिच्याकडे पाहिलं. मग मफलरच्या टोकाने डोळे पुसले आणि चहाचा घोट घेतला.

"रॉदरहॅम," तो म्हणाला. "धसमुसळे आहेत ते. चेस्टरफील्ड. मग ग्रिम्सबी."

"ग्रिम्सबी कुठे आलं?"

"पार तिकडे, समुद्रावर. वारा असा सुटतो की गोलकीपरने मारलेला चेंडू त्याच्याकडेच परत येतो."

"अगंबाई," हिल्डा म्हणाली. "मग पुढे?"