पुसलेली रेघ

“ती रेघ मीच ओढली होती, डॉक्टर,” कात्रीबाईंनी एकदाचं सांगून टाकलं. शेजारी बसलेला नवरा खुर्चीतल्या खुर्चीत चुळबुळला.

बाई शिवणकाम करायच्या. कात्री आणि जीभ सारखीच चालायची, म्हणून गिऱ्हाइकांनीच हे नाव पाडलेलं. काही वर्षांपूर्वी डाव्या स्तनातली गाठ काढली आणि रेडिएशनचा शेक सुरू झाला. शेक नेमका लागावा म्हणून छातीवर शाईच्या रेघा आखल्या होत्या; पुसायच्या नाहीत, अशी सक्त ताकीद. पण घामाने एक पुसलीच. बाईंनी कुणाला विचारलं नाही. जन्म गेला कापडावर खुणा करण्यात, एका रेघेची ती काय मातब्बरी! आरशासमोर उभं राहून त्यांनी ती पेनाने ओढली. आता गाठ तिथेच परत आली होती, आणि ते कळल्यापासून बाईंच्या मनात ती रेघच घोळत होती.

“आरशात सगळं उलटं दिसतं. बोटभर सरकली असणार. तेवढाच भाग शेकायचा राहिला. चूक माझी, मान्य. पुन्हा शेक द्या. या वेळी महिनाभर आंघोळ करणार नाही, मग तर झालं?”

“अगं, त्यांना बोलू तर दे,” नवरा म्हणाला.

“तुम्ही गप्प बसा हो.”

डॉक्टरीणबाईंनी शेक देतानाचे जुने फोटो पुन्हा पाहिले. “तुमच्या रेघेवर आम्ही विसंबलो नव्हतो. गोंदलेले ठिपके होते ना, त्यांवरून दर वेळी जुळवत होतो. शेक बरोबर जागी लागलाय. तरीही गाठ आली. तुमची काही चूक नाही.”

“ऐकलंस?” नवऱ्याचा जीव भांड्यात पडला. “उगीच जिवाला लावून घेतलंस.”

बाईंचा चेहरा मात्र उतरत गेला. “मग शेक?”

“त्या जागेने सोसायचा तेवढा सोसलाय. पुन्हा दिला तर जखमा होतील, त्या भरायच्या नाहीत. आता पूर्ण स्तन काढावा लागेल. तिथली कातडी कमकुवत झालीय, म्हणून पाठीवरच्या कातडीचा तुकडा लावू. मग औषधं.”

“आणि मी बरी होईन?”

“प्रयत्न करू. शब्द नाही देता येणार.”

बाई नवऱ्याकडे वळल्या. “माझी चूक असती तर बरं झालं असतं हो. उसवून परत शिवलं असतं.” एवढं बोलून त्या रडायला लागल्या.

पाठ तपासायची म्हणून डॉक्टरीणबाईंनी पडदा ओढला. बाईंना ब्लाउजची बटणं सुटेनात. नवरा उठून आत गेला. आपण शिवलेल्या कपड्याला दुसऱ्याचा हात लागलेला बाईंना कधी खपायचा नाही. आज त्या हात खाली सोडून उभ्या राहिल्या आणि तो एकेक बटण काढत गेला.