खातेदार कोण?

"अहो, मी पालक आहे तिचा!" काकांनी बँकेच्या काउंटरवर असा हात आपटला की शिक्का टुणकन उडून खाली पडला. "इतकी वर्षं या खात्यावर माझीच सही चालली ना?"

"चालली," काउंटरमागच्या बाईंनी मानही वर केली नाही. "ती अठराची झाली, कागद देऊन गेली. आता खातेदार ती. तुम्हाला शिल्लक सांगणार नाही."

"अन्नाला जागली नाही कार्टी!"

काकांनीच दंडाला धरून आणलेली पुतणी शेजारी उभी होती. घरात तिला भोंगा म्हणायचे, पण आत्ता भोंग्याचे डोळे साहेबांच्या केबिनवर खिळले होते. आईबाबांच्या मागे त्यांचे पैसे तिच्या नावावर आले होते. काकांना ते दुकानात घालायचे होते, तिला नर्सिंगला जायचं होतं. फी भरायचा आज शेवटचा दिवस. सकाळी काकांचा डोळा चुकवून ती फीचं चलन देऊन गेली होती. आतल्या साहेबांनी ते मंजूर केलं का, देव जाणे! तोवर काकांना वास लागला, तर ते तिलाच चलन मागे घ्यायला लावणार.

"सही कर, पैसे काढ," काका दात खात म्हणाले. "नाहीतर इथेच कानफटात देईन."

"नाही करणार."

"काय म्हणालीस?"

तेवढ्यात काकांच्या खिशात टिंग झालं. त्यांनी फोन काढला, वाचला आणि त्यांचा चेहरा तापलेल्या तव्यासारखा झाला. खात्याची सही बदलली होती, मोबाईल नंबर मात्र काकांचाच राहिला होता. तिला कोणी विचारलं नव्हतं, तिला सुचलं नव्हतं.

"नर्सिंग कॉलेज? फी?" ते गरजले. "ओ बाई, थांबवा हे!"

"मेसेज आला ना? म्हणजे गेले पैसे."

"सांगणार नव्हता ना तुम्ही काही?" काका तडकले.

"मी कुठे सांगितलं?"

पोरीला हसू फुटलं. काकांनी तिच्याकडे असं पाहिलं की ते घशातच विरलं.

"घरी पाऊल टाकून बघ. तंगडं मोडून हातात देतो."

ती काउंटरकडे वळली. आवाज खणखणीत निघाला. "बाई, नंबर बदलायचाय."

"रांगेत या."

ती रांगेत जाऊन उभी राहिली. काका अगदी तिच्या मागे येऊन थांबले. त्यांचा गरम श्वास मानेला लागत होता. ती तसूभरही सरकली नाही.