एक फूट वजा

मी एक जुनी टेप आहे. शिंप्याच्या गळ्यातली मऊ कापडी नव्हे. भिंती मोजायची, पोलादी, मुठीएवढ्या डबीत गुंडाळून राहणारी. आणि मित्रांनो, आधीच कबूल करून टाकते, मी पुरती नाही. माझा पहिला फूट तुटलेला आहे. इतरांचं मोजमाप शून्यापासून सुरू होतं, माझं थेट एकापासून. आता तुम्ही म्हणाल, एका फुटानं असं काय आभाळ कोसळतं? तेच सांगायला बसले आहे.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा मी पिवळीधमक होते. हार्डवेअरच्या दुकानात काचेमागे महिनाभर बसले आणि मग एका तरुण रंगाऱ्यानं मला उचललं. त्यानं मला तीनदा ओढून सोडलं, मी तीनदा सट्कन आत गेले, आणि आमचं जमलं. सगळे त्यांना ‘दोनहात मिस्त्री’ म्हणत. एक हात मारून पैसे घेणारे पुष्कळ होते, पण आमच्या मिस्त्रींनी दुसरा हात दिल्याशिवाय कधी ब्रश धुतला नाही.

लोक दारातच विचारायचे, ‘‘मिस्त्री, घर रंगवायला साधारण किती खर्च येईल?’’ मिस्त्री म्हणायचे, ‘‘अंदाज पावसाचा सांगावा, भिंतीचा नाही. आधी मोजू द्या.’’ मग मला खिशातून काढायचे. लांबी, रुंदी, उंची. बोटाच्या पेराने भिंत ठोकून बघायची, कुठे पोकळ वाजते, कुठे ओल आहे, कुठे पोपडे खरवडावे लागतील. एवढं झालं की कागदावर एक आकडा लिहायचे, आणि काम संपेपर्यंत तो हलायचा नाही. लोक पोटाला चिमटा काढून रंगाचे पैसे साठवतात. त्यांना पहिल्या दिवशी कळलेला आकडा शेवटच्या दिवशीही तोच असावा, एवढंच हवं असतं. ‘मिस्त्रींचं माप म्हणजे माप’ असं कुणी म्हणालं की मी डबीतल्या डबीत फुलून जायचे. माप माझंच होतं ना!

मग एकदा फरशीवर शिडी घसरली आणि तिचा लोखंडी पाय माझ्या जिभेवर आला. हुकासकट पहिला फूट तुटून गेला. दुसऱ्या कुणी मला त्याच दिवशी भंगारात टाकलं असतं. मिस्त्रींनी माझं टोक कानसलं, त्यावर पांढरी चिकटपट्टी गुंडाळली आणि मला पुन्हा खिशात ठेवलं. तेव्हापासून ते तुटकं टोक कोपऱ्याला लावायचे, समोरचा आकडा वाचायचे आणि ओठांतल्या ओठांत पुटपुटायचे, ‘एक वजा.’ तेरा दिसले की बारा लिहायचे. पुढे पुढे तर पुटपुटणंही थांबलं. हात आपोआप एक कमी लिहू लागला. हे गुपित दोघांतच होतं, आणि त्याचा मला केवढा अभिमान वाटायचा! आता त्या अभिमानाची लाज वाटते.

गेल्या वर्षी मिस्त्रींचा पाय मोडला. पाय प्लास्टरमध्ये, आणि काम दारात आलेलं. त्यांची लेक सहा वर्षं त्यांच्याबरोबर राबत होती. खरवडणं, भेगांत पुट्टी भरणं, घासणं, रंग देणं, सगळ्यात बापाच्या तोडीस तोड. फक्त मोजमाप तेवढं बापानं स्वतःकडे ठेवलं होतं. त्या दिवशी त्यांनी मला तिच्या हातात दिलं आणि बजावलं, ‘‘टोक कोपऱ्यात घट्ट धर. मध्ये झोळ पडू देऊ नकोस. वाचशील ते लिही.’’

वाचशील ते लिही! मी आतल्या आत ओरडत होते, मिस्त्री, एक राहिलं, एक राहिलं! पण टेपला जीभ असते ती फक्त आकडे दाखवायला.

काम होतं एका निवृत्त नर्सबाईंचं. तीन खोल्यांचं बैठं घर. पुढच्या दोन खोल्या रंगवून भाड्यानं द्यायच्या आणि त्या भाड्यातून थोरल्या बहिणीच्या औषधपाण्याचं भागवायचं, असा त्यांचा हिशोब. थोरली बहुतेक वेळ मागच्या खोलीत खाटेवर असायची. समोरच्या भिंतीला ओल धरून मोठाले पोपडे सुटले होते, आणि तिच्या डोळ्यांसमोर तेच. नर्सबाई मिस्त्रींच्या लेकीला म्हणाल्या, ‘‘भाडेकरूंसाठी पुढच्या खोल्या, पण माझ्यासाठी ही. हिला एकदा स्वच्छ भिंत दिसू दे. तिन्ही खोल्या बसतील एवढं बाजूला काढलंय मी.’’

लेकीनं मन लावून मोजलं. प्रत्येक भिंत दोनदा. आणि प्रत्येक भिंत मी एक फूट जास्त सांगितली. उंचीसुद्धा. दहाचे अकरा, बाराचे तेरा, आणि गुणाकार झाल्यावर एकशेवीसच्या जागी एकशेत्रेचाळीस. मिस्त्रींनी पलंगावर पडल्या पडल्या त्या मापांवरून खर्च काढला. नर्सबाईंनी कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

‘‘थोडं कमी नाही का होणार?’’

‘‘मावशी, बाबांचा आकडा आहे,’’ लेक अभिमानानं म्हणाली.

आतून थोरलीचा आवाज आला, ‘‘माझी खोली गाळा गं. डोळे मिटले की सगळ्या भिंती सारख्याच.’’

नर्सबाईंनी एकदा मागच्या खोलीकडे पाहिलं. मग त्यांनी पेन घेतलं आणि तिसऱ्या ओळीवर काट मारली. मित्रांनो, ती काट त्यांनी नव्हती मारली हो, मी मारली होती.

काम तीन आठवडे चाललं. शेवटच्या दिवशी मिस्त्री काठी टेकत बघायला आले. कोपऱ्यात रंगाचा एक न उघडलेला डबा पाहून थबकले. मग त्यांनी खोलीवर नजर फिरवली.

‘‘ही भिंत तेरा फूट? मला तर बारा दिसते. एक वजा केलास ना?’’

‘‘कसला एक?’’

मिस्त्रींनी लेकीच्या हातातून मला घेतलं. माझ्या टोकाची चिकटपट्टी त्यांनी नखानं सोलली आणि तुटकी कड लेकीला दाखवली. ‘‘माझी चूक,’’ ते म्हणाले. ‘‘तुला सगळं शिकवलं आणि हेच सांगायचं राहिलं.’’ उरलेला रंग आणि जास्त घेतलेली मजुरी, यात मागची खोली सहज झाली असती.

लेक हळूच म्हणाली, ‘‘बाबा, त्यांना कुठे कळणार आहे?’’ म्हणाली खरी, पण तिचं तिलाच ते सहन झालं नाही. तिनंच नर्सबाईंना हाक मारली.

मिस्त्रींनी सगळं सांगितलं. पैसे समोर ठेवले. म्हणाले, ‘‘उद्याच मागची खोली सुरू करतो.’’ नर्सबाई रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या नुसत्या म्हणाल्या, ‘‘मिस्त्री, तीन आठवड्यांपूर्वी ताई उठून अंगणात खुर्चीत बसायची. आता तिला कुशीवर वळवलं तरी धाप लागते. तिला खोलीबाहेर कशी काढू? आणि रंगाचा वास तिला सोसायचा नाही.’’

झालं. रंग होता, हात होते, पैसेही होते. वेळ तेवढी निघून गेली होती. कुणाची चूक कुणाला भोवली! मला त्या क्षणी उरलेले सगळे फूटही तुटून जावेत असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक एकटीच आली. खाटेजवळ उकिडवी बसली, थोरलीच्या उशीशेजारी डोकं नेलं आणि तिथून काय काय दिसतं ते बघून घेतलं. मग मला काढलं. इकडून खिडकीपर्यंत, खालून वर. प्रत्येक वेळी मोठ्यानं म्हणाली, ‘‘एक वजा.’’ इतक्या वर्षांत ते शब्द पहिल्यांदाच कुणीतरी खणखणीत उच्चारले. त्या मापाच्या प्लायवुडच्या फळ्या तिनं कापून आणल्या, अंगणात टेकवून त्यांना प्रायमर दिला, उरलेल्या रंगाचे दोन हात दिले. वास पार जाईपर्यंत आठ दिवस वाऱ्यावर ठेवल्या. नवव्या दिवशी बापलेकीनं त्या आत नेऊन भिंतीला लावून उभ्या केल्या. एका बोटाचाही फरक पडला नाही.

थोरलीनं बराच वेळ बघितलं. ‘‘मागे पोपडे तसेच आहेत ना गं पोरी?’’

‘‘हो मावशी.’’

‘‘असू देत. माझंही तसंच आहे. वरून पुसलेलं.’’ ती हसली आणि तिला खोकला आला. नर्सबाई पाणी आणायला गेल्या, त्या लवकर परतल्या नाहीत.

त्या पांढऱ्या भिंतीकडे बघत तिनं अकरा दिवस काढले. महिना उलटल्यावर नव्हे, पहिल्याच आठवड्यात ती रंगली असती, तर किती दिवस मिळाले असते, ते मोजायला मला सांगू नका. मला तेवढंच मोजता येत नाही.

मिस्त्री नवी टेप आणायला निघाले होते. लेकीनं अडवलं. त्याच रंगात बारीक ब्रश बुडवून तिनं माझ्या डबीवर ठळक लिहिलं : ‘एक फूट वजा’. आधी वाटलं, माझं व्यंग चारचौघांत मांडलं. आता ते कुणी वाचलं की हायसं वाटतं.

म्हणून मित्रांनो, जुन्या वस्तू जपा; टाकून देऊ नका. पण त्यांच्यात काय कमी आहे, ते दुसऱ्याच्या हाती देताना सांगत जा. तुम्हाला सवयीनं ठाऊक असतं, पुढच्याला नसतं. आणि सांगायचं राहिलंच, तर निदान माझ्यासारखं कुठेतरी लिहून ठेवा. कुणाची तरी खोली त्या एका ओळीवर अवलंबून असते.