उरलेला हिरवा रंग

पाट्या रंगवून पोट भरायचं आणि उरल्यासुरल्या रंगात लोकांची फिरकी घ्यायची, असा रंगाऱ्याचा दुहेरी धंदा. पन्नाशी आली तरी खोड जाईना.

त्याचा मेहुणा जंगलात वनरक्षक. जगातलं सगळ्यात उंच झाड आपल्या राखणीत आहे, म्हणून मान कायम ताठ. पण ते कुठल्या घळीत आहे हे सख्ख्या बहिणीलाही सांगायचा नाही. कळलं की माणसं लोटतील आणि झाडाचा जीव घेतील, म्हणायचा. याचा ताठा जरा उतरवू, म्हणून रंगाऱ्याने वाटेकडेच्या एका बऱ्यापैकी उंच झाडापुढे गुपचूप पाटी रोवली: 'जगातलं सर्वात उंच झाड'. मेहुण्याचं तोंड बघायचं, दोन दिवस हसायचं, बास.

पण मेहुण्याला वाटलं, ही वनखात्यातल्या आपल्या साहेबांचीच युक्ती. लोक इथेच अडकतील, घळीकडे फिरकणार नाहीत. पाटी राहिली. माणसं आली ती येतच राहिली, खोडाला मिठ्या मारत मुळांवर नाचली.

यंदा रंगाऱ्याला त्या झाडाचा शेंडा तांबूस पडलेला दिसला. मुळं वरवरच असतात, मेहुणा सांगत होता. पायांनी माती थापली गेली की पाणी आत उतरत नाही.

"ती पाटी माझी आहे," रंगारी म्हणाला.

"साहेबांची अक्कल स्वतःच्या नावावर खपवू नका, भाऊजी."

"नीट बघ. तुझ्या स्वयंपाकघराच्या दाराचा उरलेला हिरवा आहे."

मेहुण्याने पाटीचा रंग नखाने खरवडून बघितला. चार शिव्या हासडल्या असत्या तर रंगाऱ्याला बरं वाटलं असतं. तो पाटी उपटायला वाकला, तर मेहुण्याने हात धरला.

"आता काढली तर लोक खरं झाड शोधत घळीत शिरतील. राहू दे."

म्हणून दर सुट्टीला रंगारी तिथे उभा असतो. दोर बांधून माणसं लांब ठेवतो, पहारीने माती सैल करतो, घागरीने पाणी ओततो. परवा एका पोरीने विचारलं, "काका, खरंच हेच सगळ्यात उंच?"

पूर्वी अशा प्रश्नाला त्याला हसू आवरलं नसतं.

"हेच," तो म्हणाला, आणि शेंड्याकडे न बघता घागर उचलून पाण्याला गेला.