पावणेदोन फर्लांग

आमच्या वडिलांच्या टाळांची जोडी कीर्तनात वाजू लागली की बुवा एक पाऊल मागं सरून डोळे मिटायचे. जड कासं, आणि नाद असा की हात थांबला तरी तो थांबत नसे. वडील गेल्यावर ती जोडी माझ्याकडं आली. धाकटा भाऊ निवृत्ती टाळाला कधी बसला नाही. आम्ही आत गजरात असताना तो मांडवाबाहेर बुवांच्या मोटारीचं बॉनेट उघडून उभा असे. पण वडिलांचा लयीचा कान आला होता त्याच्याकडंच. एकदा घरी येता येता म्हणाला, "दादा, आज दुसऱ्या चरणाले तुही लय मांगं पडली." आणि ती खरंच पडली होती.

खामगावात मोटार स्टँडच्या मागं त्याचं पत्र्याचं गॅरेज होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर लिलावात निघालेली एक फौजी मोटारसायकल त्यानं कुठूनशी आणली आणि तीन वर्षं तिच्यात जीव घातला. जीवच नाही, हाती आलेलं सगळंच. मनगटावरचं घड्याळ गेलं, सायकल गेली, तेव्हा मुंबईहून पिस्टन आला. देऊळगाव राजाचं एक चांगलं स्थळ सांगून आलं होतं. मंडळी ओसरीवर बसलेली, आणि हा गॅरेजात काचेच्या तुकड्यावर पॉलिश पेपर अंथरून इंजिनाचं हेड घासतोय, आतला दाब वाढावा म्हणून. अकरा दिवस घासत होता. मंडळी चहा पिऊन गेली ती गेलीच. गाडी हलकी व्हावी म्हणून त्यानं मडगार्डं काढली, सीटमधला काथ्या उपसला, पायटेकांना भोकं पाडली. आमची विमल म्हणाली, "भाऊजी, आता सोताले भोकं पाडा, म्हंजे अजून हलके होसान."

"पाडली असती वैनी, पण तुमच्या हातचं जेवन गळून जाईन."

शर्यत दरसाल दसऱ्याची. सोनं लुटायला गाव सीमेवर जायच्या आधी, दुपारी, नांदुरा रस्त्यावर. त्या वेळी रस्त्याच्या कडेला दर फर्लांगाला, म्हणजे मैलाच्या आठव्या भागाला, दगड असत. एका दगडापासून निघायचं, दुसरा ओलांडायचा, आपट्याच्या झाडाजवळच्या तिसऱ्यापाशी पोचायचं. दोन फर्लांग. चुटक्या वाजवत उभं राहिलं तर पंचवीस वाजेस्तोवर खेळ खलास.

पण त्या वर्षी अकोल्याचे रंगराव येणार होते. मद्रासकडं विमानांच्या जुन्या धावपट्टीवर मोटारसायकलींच्या मोठ्या शर्यती होतात, तिथं ते गाड्या घेऊन जात. जी गाडी जिंकेल ती आणि ती चालवणारा, दोघांना ते सोबत नेणार होते. हे कळल्यापासून निवृत्तीला दुसरं बोलणं नव्हतं.

"दादा, तिथं म्हने रस्त्यात बैलगाडी नाई, कुत्रं नाई, खड्डा नाई. दिसंल तिथवर सरळ. तिथं हिचा आवाज कसा येत असंन?"

आख्यान रंगात असताना बुवांनी ते उद्यावर टाकलं की माणसं ज्या चेहऱ्यानं घरी जातात, तो चेहरा त्याचा महिनाभर होता.

दसरा चार दिवसांवर आला आणि इंजिनातला बुश झिजला. बुश म्हणजे पिस्टन आणि त्याचा दांडा जोडणाऱ्या पिनेभोवतीची बोटभर नळी. मुंबईहून नवा यायला वेळ नव्हता. निवृत्तीनं विहिरीच्या एका मोडक्या पंपातला गनमेटलचा, म्हणजे झीज सोसणाऱ्या मिश्रधातूचा, तुकडा शोधून आणला होता. तोच कातून बसवणार होता. मी मधे पडलो.

"भंगारातला तुकडा घालतं? बाबाचा एक टाळ ने."

त्यानं हातातला पाना खाली ठेवला. "दादा, कासं गाते. गनमेटल मुकं असते. इंजनात मुकंच लागते."

"काऊन? चाळीस वर्सं वाजला, एक चीर गेली का त्याले? बाबा इंजनात बसले त तुले कोन अडवीन?"

मी शाळेत मास्तर. मास्तर म्हणून काही सांगितलं असतं तर त्यानं मला हसून उडवलं असतं. मी बाबांचं नाव घेतलं होतं.

"बरं," तो म्हणाला. "तू म्हनतं त तसंच."

भांडी ओतणाऱ्या रामराव कासारांनी टाळ नखानं वाजवून पाहिला आणि कानाशी धरून बसले. "मास्तर, नादाचं कासं कडक असते, पन ठिसूळ. टाळ दगडावर पडला त फुटते, वाकत नाई. तो पंपाचा तुकडा आना, मी आत्ता ओतून देतो."

"रामराव, तुम्ही हाच ओता."

त्यांनी टाळ कपाळाला लावला आणि मुशीत सोडला. वितळताना त्याचा काही आवाज झाला नाही.

निवृत्तीनं बुश कातून बसवला. दसऱ्याला पूजेत गॅरेजातले पाने, हातोड्या, माझी पुस्तकं आणि एकच टाळ मांडला. दुसऱ्याच्या जागी विमलनं झेंडूचं फूल ठेवलं.

दुपारी रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी माणसं उभी होती. निवृत्तीच्या शेजारी कापसाच्या जिनवाल्यांचा सुधाकर, कोऱ्या बुलेटवर.

"निवृत्ती, तुह्या गाडीले सीट नाई, मडगार्ड नाई. चाकं तरी आहेत ना बे?"

"दोन आहेत. तुले मांगचंच दिसंन."

रुमाल पडला. सुधाकर आधी सुटला. पहिल्या फर्लांगाच्या दगडापाशी निवृत्तीनं त्याला गाठलं, आणि मग त्या इंजिनानं जो सूर धरला तो मी आजवर विसरलो नाही. कीर्तनाच्या अखेरच्या गजराला टाळ दुप्पट होतात, माणसं आपोआप उठून उभी राहतात, तसं झालं. माझे हात मांड्यांवर ताल धरू लागले. एक हात पुढं, दोन हात, पुरती गाडी पुढं. आपट्याचं झाड समोर दिसत होतं.

टण्.

एवढ्या गोंगाटात तो मला ऐकू आला. अगदी टाळाचा आवाज. मग इंजिन गप्प. मेलेली गाडी आपल्याच वेगात सरकत राहिली, निवृत्ती टाकीवर पालथा पडून तिला जणू पुढं ढकलत होता. तिसऱ्या दगडापाशी सुधाकर एका चाकानं पुढं गेला.

रंगरावांनी निवृत्तीच्या गाडीला एक फेरी मारली, हेडवर तळवा ठेवला. "गाडी एक नंबर हाय बे. पन शर्यत दोन फर्लांगाची असते, पावनेदोनाची नाई." मग ते सुधाकरकडं वळले.

संध्याकाळी निवृत्तीनं इंजिन उघडलं. तळहातावर बुशाचे तीन तुकडे घेऊन तो माझ्यासमोर बसला.

मी विचारलं, "पंपाचा तुकडा असता त?"

"त पोचली असती," तो म्हणाला. कारागीर होता, खोटं कसं बोलेल? मग माझं तोंड पाहून त्यानं ते तुकडे माझ्या मुठीत घातले. "पन पावनेदोन फर्लांग बाबा काय वाजले, दादा!"

त्याच तुकड्यांचा आणि कातताना जपून ठेवलेल्या किसाचा रामरावांनी पुन्हा टाळ ओतून दिला. तो जोडीदारापेक्षा लहान झाला, आवाजही चढा आला. पुढच्या एकादशीला बुवांनी गाता गाता डोळे उघडून माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली आणि वाजवत राहिलो. आता तीच जोडी वाजवतो.

निवृत्ती तेलाच्या गिरणीतली इंजिनं सांभाळतो. फौजी गाडी गॅरेजात पोत्याखाली आहे. पण तो आता कीर्तनाला मांडवात येतो, खांबाला टेकून बसतो. गजर दुप्पट झाला की मांडीवर ठेवलेली त्याची उजवी मूठ, गाडीचा वेग वाढवताना वळते तशी, हळूहळू आतल्या बाजूला वळू लागते. डोळे मिटलेले असतात. गजर पुरे झाला म्हणून बुवा मला खुणेनं थांबायला सांगतात. मी दिसलं नाही असं दाखवून अजून थोडी लय वाढवतो.