चिंध्यांच्या चेंडूची ओवी

मी चिंध्यांचा चेंडू बोलतोय. गोल आहे असं म्हणायची माझी हिंमत नाही. रुख्मिणीने रुई भरून, वर जुन्या लुगड्याच्या पट्ट्या गुंडाळून मला शिवलं, तेव्हा एका अंगाला पोक राहिलंच. ती चौथी शिकलेली. पण शाळेत चेंडू शिवायला कुठे शिकवतात?

सन छत्तीसचा हिवाळा. जऊळक्याच्या स्टेशनवर काम करणारे युनूसभाई गावातल्या पोरांना फुटबॉल शिकवत. वाशीमच्या सामन्यासाठी पोरं निवडायची होती, आणि रुख्मिणीच्या लेकाचे पाय एकमेकांत गुंतत. डोळा चेंडूवर, पाय भलतीकडे. आधीची दोन बाळं गेली म्हणून याचं नाव उकंडा ठेवलेलं. उकिरड्यावरचं यमालाही नकोसं वाटावं. असल्या लेकराला मैदानात धाडताना तिचा जीव टांगणीला लागे. पण पोरं 'लंगड्या' म्हणून त्याला हाकलत, ते तिला त्याहून सोसवेना.

"पडला तं? काहून धाडतं वं त्याले?" सासू मनकर्णाबाई म्हणाली.

"मलेबी तेच भेव हाय, आत्याबाई."

तरी पहाटे दळायला बसली की ती मला त्याच्या पायांत सोडायची. जात्याचा एक फेरा, उजवा पाय. दुसरा फेरा, डावा. वर ओवी:

"उजवा तुहा पाय, डाव्याले घेऊन जाय,
दोघं भाऊ भाऊ, मधात चेंडू हाय."

हळूहळू आमचं जमलं. तिची नजर पायांवर, म्हणून पीठ मात्र जाडंभरडं पडू लागलं.

निवडीच्या दिवशी युनूसभाईंनी ओळीने दगड मांडले. कातडी चेंडू सामन्यासाठी राखलेला, म्हणून मैदानात मी. दगडांमधून मला वळवत न्यायचं होतं. उकंडा आला आणि थिजला. इथे जातं कुठलं! ताल घरीच राहिला होता.

"काय बे, पाय घरी इसरला का?" पोरं खिदळली.

विहिरीच्या वाटेवर रुख्मिणी घागर घेऊन उभी होती. समोर पारावर सासरा, दौलतराव. चार माणसांत सुनेने ओवी म्हणायची? तिचे ओठ उघडले, मिटले. "जात्याच्या तालाची सवय लावून मीच बिघडवलं," असा तिचा चेहरा झाला.

तेवढ्यात माझ्या वर पुटपुट ऐकू आली. "उजवा तुहा पाय..." उकंडाच म्हणत होता.

"अबे, हा तं दळून राह्यला!"

त्या हसण्यातून आम्ही एकेक दगड मागे टाकला. शेवटच्या दगडाशी माझं पोक आडवं आलं आणि तो तोंडघशी पडला. घागर हिंदकळली. ती धावली आणि मधेच थांबली. कारण तो उठला होता. आवाज चढवून त्याने ओवी पुन्हा धरली आणि डाव्या पायाने मला पार धाडलं.

"गाणं संग घेऊन ये वाशीमले," युनूसभाई म्हणाले.

आज तो तिकडेच गेलाय. संध्याकाळची गाडी यायचीय, आणि रुख्मिणी दारात मला दोन्ही हातांत दाबून बसलीय. माझी शिवण उसवतेय. बाई, जरा सैल धर. जिंकल्या-हरल्याचं मला काही कळत नाही. पण पडला असेल, तर उठलाही असेल. तू धावायच्या आधीच.