भिंत कोणी जाळली

सासूबाईंनी जळक्या भिंतीपाशी सापडलेलं मडकं आतून घासून लख्ख केलं होतं. तेही साबण लावून.

"अहो आई, त्यात जळके दाणे होते!" जावयाने कपाळावर हात मारला. "भिंत कधी जळली ते त्यांच्यावरूनच कळणार होतं!"

"किती काळंकुट्ट झालं होतं ते. उद्या लोक बघायला येणार, म्हटलं जरा बरं दिसू दे."

जुनी गावं खणून काढण्यात त्याची हयात गेली होती. खापरं धुण्याचं काम बायको बघायची. ती गेल्यावर सासूबाई आपणहून शेडमध्ये येऊन बसू लागल्या. त्यांना नको म्हणायला त्याची जीभ रेटेना.

तेवढ्यात मेहुणा आला. तो पाद्री. पवित्र शास्त्रातल्या राजाने जाळलेली भिंत आमच्या दाजींना सापडली, असं त्याने रविवारी प्रार्थनेनंतर छातीठोकपणे सांगून टाकलं होतं. आता भिंतीजवळ लावायच्या पाटीवर तेच लिहून हवं होतं.

"दाजी, एक ओळ तर लिहायचीय!"

"राख सापडलीय रे, राजा नाही. एखादीची चूल भडकली असेल, नाहीतर शेजाऱ्यांनी पेटवली असेल."

"पण दाण्यांवरून काळ जुळला असता ना?"

"दाणे तुझ्या आईने मोरीत सोडले! आणि असते तरी शंभरेक वर्षांचा अंदाज मिळाला असता. त्यात तुझे पाच राजे मावतात. बाजारात तुरी, आणि तू रविवारी वाटून मोकळा!"

"तुमचा विश्वासच उडालाय," म्हणत मेहुणा पाय आपटत निघून गेला.

सासूबाई पदराला हात पुसत उभ्या होत्या. "जावईबापू, राजा खोटा निघाला तर शास्त्रातलं पुढचंही खोटंच ना? पोर वर भेटेल, याच आशेवर दिवस काढतेय मी."

"ते खणून कसं कळणार, आई?" त्याचा आवाज चढला. "मला भिंत विचारा, भांडी विचारा. हे का विचारता? खणून कळण्यासारखं असतं तर मीच आधी खणलं नसतं का?"

त्याने चिडूनच पाटी ओढली आणि लिहिलं: 'जळालेली भिंत. कोणी जाळली, माहीत नाही.'

सासूबाईंनी चष्मा लावून ती सावकाश वाचली.

"राजाने जाळली नाही, असं तर नाही ना लिहिलं?"

"नाही. तेही माहीत नाही."

"मग पुरे मला तेवढं," त्या म्हणाल्या आणि पाटी ठोकायला खिळा शोधू लागल्या.